शिवार एकसुरी, लूट दुहेरी



'जैवविविधता' हा शब्द बैठकीत उच्चारला की मागच्या रांगेतले कार्यकर्ते तंबाखू मळायला घेतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. हा शब्द आजवर आपल्या गावात आला तो वनखात्याच्या फलकावरून, नाही तर जीपमधून उतरलेल्या शहरी पाहुण्यांच्या तोंडून. त्यात वाघ असतो, फुलपाखरू असते आणि शेवटी शेतकऱ्याने काय काय करू नये याची यादी असते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत दोन एकर भुईमूग उकरून जातो, तेव्हा यातला एकही पाहुणा पंचनाम्याला हजर नसतो. मग शेतकरी म्हणतो, ही तुमची विविधता तुमच्या बंगल्यात न्या.

राग रास्त आहे. पण शब्द दुसऱ्याने बळकावला म्हणून वस्तूवरचा हक्क आपण सोडायचा काय? पिकांचे प्रकार, त्यांतले वाण, धुऱ्यावरची झाडे, मातीतले जिवाणू, किडींना खाणाऱ्या किडी, तुरीच्या फुलावर बसणाऱ्या माश्या, गोठ्यातली जनावरे, हा सारा गोतावळा म्हणजे जैवविविधता. ती काही फक्त अभयारण्यात नव्हती. आपल्या शिवारातही होती, आणि शिवारातली तर आपल्या आज्या-पणज्यांनी निवडून, राखेत घालून, लेकीसुनांना वाटून वाढवलेली होती. ती गेली कशी आणि तिच्या जाण्याची पावती कोणाच्या नावावर फाटली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण उत्पादनखर्चावर आधारित भाव मागतो. त्या उत्पादनखर्चाचा एक मोठा हिस्सा असा आहे, की जे काम पूर्वी शिवार फुकट करत असे ते आता आपण दुकानातून विकत घेतो. भावात होणारी लूट आपण ओळखली, तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलो. खर्चात होणारी लूट अजून पुरती ओळखलेली नाही. उद्या सरकारने क्विंटलमागे हजार रुपये वाढवून दिले, तरी शिवार असेच राहिले तर त्या हजारातले किती घरी येतील आणि किती कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यात जातील, याचा हिशेब मांडल्याशिवाय भावाचा लढा पुरा होत नाही.

कापसाचा हिशेब

देश स्वतंत्र झाला तेव्हा, १९४७ साली, भारतातल्या कापसाच्या सुमारे ९७ टक्के क्षेत्रावर देशी कापूस होता. धागा आखूड, बोंड लहान. पण मूळ खोल, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारा आणि मावा-तुडतुड्यांना सहसा दाद न देणारा. जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या जाती चार, आणि चारही जिथे पिकतात असा देश भारत. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कापूस वाढवला गेला. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस बाहेर पडला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला, आणि दहा वर्षांच्या आत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर एकच प्रकार उभा राहिला, तो म्हणजे अमेरिकन कापसाचा बीटी संकर. दुकानात पाकिटे शेकडो, चित्रे निरनिराळी, नावे पैलवानांची आणि सिनेमांची. आत मात्र तीच दोन जनुके. शेतकऱ्याला वाटते, यंदा आपण वाण बदलला.

बीटीला आम्ही राक्षस म्हणत नाही. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे ज्याने कापूस पिकवला त्याला माहीत आहे, आणि ते नाकारणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. तो समजण्यासाठी दोन अळ्यांची कहाणी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहिली हिरवी, अमेरिकन बोंडअळी. हीच हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून येते आणि तुरीची शेंग पोखरते. १९९० च्या दशकात तिने कापूसवाल्याला जेरीला आणले होते. कोणतेच औषध तिला लागू पडेना. दुसरी गुलाबी, म्हणजे शेंदरी बोंडअळी. ही मूळचीच आपल्याकडची म्हणावी अशी; तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली झाले तेच भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. बीटी दोघींसाठी आणला गेला. आज काय दिसते? हिरवी अळी बीटीपुढे अजून बऱ्याच अंशी नमते. गुलाबी अळीने मात्र २०१० पर्यंत गुजरातेत पहिले जनुक पचवले, पुढच्या काही वर्षांत दुसरेही पचवले, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडाबोंडातून बाहेर डोकावली. डोमकळ्या, किडकी सरकी, कवडीचा कापूस. ज्यांनी त्या साली उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला त्यांना अधिक सांगायला नको.

जनुक तेच, शेत तेच, मग एक अळी हरली आणि दुसरी जिंकली ती का?

हिरवी अळी सगळे खाते. तूर, हरभरा, ज्वारी, टमाटे, भेंडी. या पिकांत बीटी नाही, त्यामुळे त्यांच्यावर वाढलेल्या पतंगांना बीटीची सवय लागत नाही. बीटी कापसातून वाचलेला एखादा चिवट पतंग निघालाच, तर त्याची गाठ शेजारच्या तुरीवरून आलेल्या अशा साध्या पतंगांशी पडते आणि त्याचा चिवटपणा पुढच्या पिढीत पातळ होतो. म्हणजे कंपनीचे तंत्रज्ञान टिकवले ते आपल्या तुरीच्या तासांनी आणि हरभऱ्याच्या वावरांनी. या चाकरीबद्दल तुरीला आजवर कोणी रुपया दिलेला नाही. उलट तुरीची आयात खुली करून तिचे भाव पाडले.

गुलाबी अळी कापसाखेरीज जवळजवळ काही खात नाही. तिच्यासाठी शिवारात बिगरबीटी कापूसच असायला हवा होता. शिवारभर बीटी झाल्यावर तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या, मरणे किंवा पचवणे. लाखांत एखादी पचवणारी निघते, तिचे लग्न तशाच दुसरीच्या घराण्यात होते, आणि मग सगळी वरात तशीच. कागदावर तोडगा होता. भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र बिगरबीटी लावा, असा नियम होता. पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती पुडी बहुतेकांनी लावली नाही. यावर तज्ज्ञ मंडळी म्हणतात, शेतकऱ्याने नियम पाळला नाही. आम्ही विचारतो, पाच एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराने त्यातला एक एकर अळीच्या चरण्यासाठी सोडावा, असा हा नियम होता. त्या एकराचे नुकसान सोसायला कंपनी पुढे आली की सरकार? तंत्रज्ञानाची रॉयल्टी शहरात आणि ते टिकवण्याची जबाबदारी वावरात, ही वाटणी कोणी केली?

चीनमध्ये काय झाले तेही ऐका. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बी लावले. वंशशास्त्राच्या नियमाने त्यातली चौथाई झाडे बिगरबीटी निघाली. शेतातच मिसळ झाली आणि गुलाबी अळीत सुरू झालेला प्रतिकार मागे गेला. अमेरिकेत बिगरबीटीचे पट्टे राखले, वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ साली तिथे ही अळी हद्दपार झाल्याचे सरकारने जाहीर केले. जिथे मिसळ राहिली तिथे तंत्रज्ञान टिकले. एकसुरी शिवारात ते पंधरा वर्षे पुरले नाही.

आणखी एक गोष्ट. इतर देशांत बीटी बहुतेक करून सरळ वाणांत आला, आपल्याकडे तो संकरातच आला. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी धरू शकतो. संकराचे दरसाल विकत घ्यावे लागते. सरकारी संशोधनातून सरळ वाणातला बीटी आला होता, पण २००९ मध्येच त्याची विक्री थांबली. मग उरला लांब मुदतीचा, विरळ लावलेला, दिवाळीनंतरही उभा राहणारा संकर. त्यात पाणी असेल तर फरदड. मार्च-एप्रिलपर्यंत हिरवी पऱ्हाटी म्हणजे गुलाबी अळीला बारमाही पंगत. लवकर येणारा सरळ वाण दाट पेरून शेत नोव्हेंबर-डिसेंबरात मोकळे केले, तर तिच्या शेवटच्या पिढ्या उपाशी राहतात. एवढे सगळे करून भारताचे सरासरी उत्पादन २०२३-२४ मध्ये हेक्टरी सुमारे ४४० किलो रुई. जगाची सरासरी साडेसातशेच्या वर आहे. राज्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस पावसाच्या भरवशावर आहे, त्यामुळे आपण त्या ४४० च्याही खाली.

आणि याची किंमत पैशातच मोजून भागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात, बोंडअळीच्या आणि रसशोषक किडींच्या धास्तीने, डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत एकात एक औषधे मिसळून फवारणी सुरू झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात पडले. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की लागलीच बोंडात शिरते; आत शिरल्यावर बाहेरचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तरीही पंप चालू होते, कारण दुसरा उपाय दुकानात नव्हता. नंतर चौकशा झाल्या. मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, असे मेलेल्यांच्या माथ्यावर लिहिले गेले.

धुऱ्यावरची फौज

ज्याला आपण सरसकट कीड म्हणतो त्यातले कितीतरी जीव आपल्या बाजूने लढत असतात. ढालकिडा मावा खातो. क्रायसोपाची अळी मावा खाते, तुडतुड्यांची पिले खाते. ट्रायकोग्रामा नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. कोळी, रातकिडे, सरडे, वेडा राघू, कोतवाल, साळुंकी यांची मजुरी वेगळीच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शत्रू आल्यावर फौज उभी करता येत नाही; ती आधीपासून दाणापाण्यावर असावी लागते. कापसावर मावा पडण्याआधी ढालकिड्याने जगायचे कशावर? चवळीवर पडणाऱ्या माव्यावर, ज्वारीच्या कणसातल्या परागावर, धुऱ्यावरच्या फुलातल्या मधावर. चवळीवरचा मावा कापसाला फारसा त्रास देत नाही. तो आपल्या फौजेची शिदोरी आहे.

आपल्याकडे कापसाच्या आठ-दहा तासांमागे तुरीची एक-दोन तासे, मध्ये मूग-उडीद, कडेने अंबाडी, शेजारी ज्वारी, धुऱ्यावर बोर, बाभूळ, निंब, पळस, ही मांडणी कोणा पंडिताने पुस्तकातून दिली नव्हती. त्यात घरच्या वरणाची सोय होती, जनावराच्या कडब्याची होती, दोराच्या वाखाची होती. त्याच मांडणीत फौजेचा दाणागोटाही होता. आता धुरा कोरून काढला, बोरी-बाभळी तोडल्या, आणि कृषी खाते सांगते की एकरी इतके इतके पक्षीथांबे रोवा. इंग्रजी 'टी' आकाराच्या काठ्या! झाड तोडून त्या जागी काठी रोवायची आणि तिला योजना म्हणायचे. ट्रायकोकार्डही आता विकत मिळते. चांगली वस्तू आहे, जरूर वापरा. पण कार्डातून निघालेली ती इवली गांधीलमाशी दुसऱ्या दिवशीच्या फवाऱ्यात मरणार असेल, तर कार्डाचे पैसे पाण्यात आणि फवाऱ्याचे त्याच्या वर.

एखादा जीव नाहीसा झाल्याची किंमत माणूस कशी मोजतो, याचे उदाहरण गिधाडांचे आहे. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचले जायचे. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. दहा-पंधरा वर्षांत देशातली दर शंभरातली नव्वदहून अधिक गिधाडे गेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, तोवर हाडकी ओसाड झाली होती. मेलेली जनावरे गावाबाहेर सडू लागली, मोकाट कुत्री वाढली, पाणी नासले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने २००० ते २००५ या काळात यापायी देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला आहे. गिधाडाला कोणी कधी पगार दिला नव्हता, म्हणून ते काही काम करते हे कोणाच्या हिशेबात नव्हते. ढालकिड्याचे आणि गांडुळाचे तेच आहे.

मोजपट्टी कोणाची?

कृषी महाविद्यालयात आम्हाला उत्पादन मोजायला शिकवले ते एकरी क्विंटलमध्ये, आणि तेही एका पिकाचे. कापूस किती झाला? त्याच वावरातली तूर, मूग, अंबाडीची भाजी, कडबा, तुरीच्या पालापाचोळ्याने मातीत घातलेले नत्र, हे सगळे रकान्याबाहेर. या मोजपट्टीने मोजले की मिश्र पीक नेहमीच मागासलेले दिसणार. कृषिशास्त्रातच दुसरी मोजपट्टीही आहे. ती विचारते, मिश्र पिकाच्या एका एकरात जेवढे निघाले तेवढे सुटी सुटी पिके घेऊन काढायला किती जमीन लागली असती? ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकाला तिचे उत्तर बहुतेक वेळा दीड एकराच्या जवळपास येते. ज्वारी चार महिन्यांत वरची ओल उचलून मोकळी होते, तूर खालच्या थरात मूळ घालून जानेवारीपर्यंत उभी राहते. पाऊस लवकर संपला तर ज्वारी हाती, उशिरा पडला तर तूर हाती. हा विमा होता. याचा हप्ता मुंबईला पाठवावा लागत नसे आणि भरपाईसाठी तालुक्याला मोर्चा न्यावा लागत नसे.

मग शेतकऱ्याने हे सोडले का? अडाणीपणाने सोडले असे जो म्हणेल त्याने एकदा बँकेच्या दारात उभे राहावे. पीककर्जाचा दर पिकावर ठरतो. कापसाला, उसाला जास्त; मुगाला, ज्वारीला कमी. रेशनच्या दुकानात स्वस्त गहू-तांदूळ आला, ज्वारीला गिऱ्हाईक राहिले नाही. २०२३ साली जगभर तृणधान्य वर्ष साजरे झाले, सरकारी समारंभांत ज्वारी-बाजरीच्या पंगती उठल्या, आणि विदर्भातली खरीप ज्वारी मात्र शिवारातून जवळजवळ उठूनच गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तसे बैल गेले; वर्ध्याकडची गवळाऊ जोडी आता पाहायला शोधावी लागते. बैल-गाई गेल्या तसे शेणखत गेले. शेणखत गेले म्हणून पोती आली, पोत्यांनी पीक कोवळे आणि लुसलुशीत झाले, लुसलुशीत पिकावर रसशोषक किडी तुटून पडल्या, आणि आपण पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर. ही साखळी शेतकऱ्याने ओढलेली नाही. कर्जाच्या दराने, रेशनच्या धोरणाने आणि भावाने ती ओढली आहे.

कापूस परवडेना तसा शेतकरी सोयाबीनकडे वळला. आज राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन आहे. त्यातही वर्षानुवर्षे राज्य केले ते १९९४ मध्ये आलेल्या एका वाणाने, जेएस-३३५ ने. २०२३ च्या सप्टेंबरात पिवळा मोझॅक पसरला आणि हिरवी शिवारे आठवड्यात पिवळी पडली. मका घ्या. १९७० साली अमेरिकेत सगळ्या कंपन्यांनी एकाच मातृवंशाचे संकर विकले होते; एका बुरशीने देशाचा सुमारे पंधरा टक्के मका एका हंगामात नेला. तो देश सोसू शकला. पाच एकरवाला सोसू शकत नाही.

तणनाशकाचा वाद

आता आपल्याच घरातल्या वादाकडे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले बीटी बियाणे उघडपणे पेरले. लपूनछपून पेरण्यापेक्षा उघड पेरून कायद्याला सामोरा जाणारा आम्हाला जवळचा वाटतो. निंदणाचा खर्च खोटा नाही. श्रावणात सतत झड लागते, डवरे चालत नाही, निंदायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. ज्याला हे सोसावे लागत नाही त्याने तणावर प्रवचन देऊ नये.

पण त्या बियाण्याबरोबर काय घरात येते ते पाहून घ्या. तणनाशक फवारले की पऱ्हाटी उभी राहते, बाकी सगळे तण. तूर तण, मूग तण, चवळी तण, अंबाडी तण. म्हणजे हे बी पेरले त्या दिवशी मिश्र पीक त्या वावरातून गेले. घोळ, तांदुळजा, तरोटा, कुंजर, या भाज्या ज्या मजूर बाया निंदताना ओट्यात घालून संध्याकाळच्या कोरड्यासाठी नेतात, त्या गेल्या. आणि वर सांगितलेली गोष्ट आठवा. हिरव्या अळीला बीटीपुढे नमवून ठेवले आहे ते तुरीने. तुरीची तासे काढली तर गुलाबीने जे केले तेच हिरवी करायला किती वर्षे लागतील? तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आम्हालाही हवे आहे. पण सगळ्या तालुक्याला एकच वस्तू घ्यावी लागेल अशी परिस्थिती तयार झाली, तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचे की मक्तेदारी? स्वातंत्र्य मागायचे तर सरळ वाणांचे, देशी कापसाच्या सुधारित वाणांचे, दाट पेरणीचे, छोट्या निंदणी यंत्रांचे, असे सगळे मागू. चोर बीटीची पावती नसते. बी उगवले नाही तर दाद मागायला जागा नाही. या धंद्यात सुटका व्यापाऱ्याची आहे.

बी कोणाच्या हाती

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढच्या साली वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून जो बारीक दाण्याचा तांदूळ निघाला त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी असे नाव पडले आणि तो राज्याबाहेर पोचला. त्यांना पैसा किती मिळाला हे विचारू नका; ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हा त्यांची गरिबी वर्तमानपत्रांत छापून आली. आमचा मुद्दा असा, की बांधीत फरक होता म्हणून पारखी डोळ्याला तो दिसला. सगळ्या लोंब्या एकसारख्या असत्या तर दादाजींनी निवडले काय असते?

हीच गोष्ट मोठ्या संशोधन संस्थांनाही लागू आहे. १९७० च्या दशकात आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू पसरला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. तो रोग सोसणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात. खाचराच्या काठचे, कोणाच्या उपयोगाचे नसलेले गवत! ते कोणी आधीच जाळून टाकले असते तर पुढच्या वाणांत घालायला काही उरले नसते.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातेतल्या बटाटा शेतकऱ्यांवर एकेका माणसाकडून कोटीवर रुपये मागत दावे लावले, तेव्हा याच हक्कावर शेतकरी उभे राहिले आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती वही आपल्या गावात कोणी लिहिली? आमचा अनुभव असा, की बहुतेक गावांत ठेकेदाराचा माणूस येतो, सरपंचाची सही घेतो आणि शेजारच्या गावाच्या वहीतली पाने उतरवून जातो. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातली तुरुंगाची शिक्षाही काढून टाकली, आता दंडावर भागते. वही खोटी असेल तर उद्या कोणी आपल्या गावचे बी किंवा वनस्पती नेऊन धंदा केला, तर ती आपली होती हे सांगायला कागद राहणार नाही.

जिल्हा बैठकीत मांडायचे

येत्या बैठकीत आम्ही चार गोष्टींवर ठराव मागणार आहोत. तुरीसह मिश्र पीक घेणाऱ्याला पीककर्जाचा दर एकट्या कापसापेक्षा कमी असता कामा नये. ज्वारीची सरकारी खरेदी हमीभावाने आणि वेळेवर व्हावी, आणि ती जिल्ह्यातल्याच रेशनमध्ये वाटावी. सरकारी संशोधन केंद्रांनी देशी आणि सरळ वाणांचे बी तालुक्याच्या ठिकाणी पेरणीआधी पुरवावे. जाहिरात छापून आणि बियाणे 'संपले' सांगून चालणार नाही. चौथा ठराव नोंदवहीचा आहे. ग्रामसभेत वही वाचून दाखवल्याशिवाय ती मंजूर धरू नये. मोबदल्याचाही मुद्दा निघेल. बिगरबीटीच्या ओळी लावणारा सगळ्या तालुक्याचे तंत्रज्ञान राखतो, तर त्याला त्या ओळींचे पैसे बियाणे कंपन्यांकडून मिळावेत असे आमचे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही, त्यावर चर्चा होऊ द्या.

येताना घरात जुने बी असेल ते आणा. गावराणी कापसाची सरकी, लाल तूर, पांढरा उडीद, आजीच्या मडक्यातली वाल-चवळी, जवस, कराळे, जे असेल ते. मूठभर पुरे. फडक्यात बांधा आणि सोबत चिठ्ठीवर गावाचे नाव, पेरणीची वेळ आणि बी कोणाच्या घरून आले ते लिहा. मायबहिणींना हे पुरुषांपेक्षा नेमके माहीत असते, म्हणून चिठ्ठी त्यांनाच विचारून लिहा आणि त्यांना बैठकीला सोबत आणा. बैठक सकाळी दहाला सुरू होईल. बियाण्याची नोंद त्याआधी तासभर मंडपाच्या दाराशी होईल.